हेडिंग्लेच्या घरातला बंब

मैत्रिणींनो, मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचं ठरलं की आपली बॅग कशी भरत जाते, हे तुम्हांला मी काय सांगायचं! डिंक, अळीव, खारकेची पूड, बाळंतशेपा, ओवा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी आणि सगळ्यांत वर रबरी शेकाची पिशवी. (तुपातले लाडू मात्र इथून करून नेऊ नका. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दूधदुभत्याचं काही न्यायला बंदी आहे. तूप तिथे मिळतं, लाडू तिथेच वळावेत.) माझी मुलगी इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरमधल्या लीड्स शहरी असते. 2024 च्या डिसेंबरात मी तिच्याकडे पोहोचले, तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते आणि दिवेलागण झाली होती. रात्री जेवायची वेळ झाली असं समजून मी पदर खोचला, तर मुलगी म्हणते, "आई, अजून चहासुद्धा व्हायचाय!"

त्यांचं भाड्याचं घर हेडिंग्ले भागात आहे. हे नाव ऐकल्याबरोबर आमच्या ह्यांना 1986 सालचा कसोटी सामना आठवला. वेंगसरकरनं त्या मैदानावर पहिल्या डावात एकसष्ट आणि दुसऱ्या डावात नाबाद एकशे दोन काढले होते, आपण सामना जिंकलो होतो. "त्या मैदानाचं तोंड तरी पाहून ये," असं सांगून त्यांनी मला विमानात बसवलं. मैदान मी पाहिलं, पण बर्फाखाली झाकलेलं. मला त्या गावात खरं पाहायला मिळाली ती घरं. लाल विटांच्या एकाला एक चिकटलेल्या लांबच लांब रांगा, चढावर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या, आणि प्रत्येक छपरावर धुराड्यांचं बोळकं. मातीच्या कुंड्या उपड्या मांडाव्यात तशी ती दिसतात. मी मोजली, एकेका घरावर चार-चार, पाच-पाच. मुलगी म्हणाली, जितक्या खोल्यांत शेगडी तितकी नळकांडी. आणि धूर मात्र एकातूनही नाही!

पूर्वी तो होता, भरपूर होता. ह्या घरांतून दगडी कोळसा जळायचा आणि त्याची काजळी विटांवर बसून सबंध गाव काळं पडलं होतं. 1952 सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरकट धुक्यानं हजारो माणसं दगावली, त्यानंतर 1956 साली धुराविरुद्ध कायदा झाला. पुढे उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि 1967 पासून दहा वर्षांत सरकारनं देशभरातल्या घराघरांतली गॅसची उपकरणं त्या वायूसाठी बदलून दिली. शेगड्या विझल्या, धुराडी तेवढी राहिली. आता सगळी ऊब एका पांढऱ्या पत्र्याच्या पेटीत आली आहे. ती स्वयंपाकघरातल्या कपाटात असते आणि तिला बॉयलर म्हणतात.

मी तिला पहिल्या दिवसापासून बंबच म्हणू लागले. वाईला माझ्या माहेरी तांब्याचा बंब होता. मध्यभागी नळकांडं, त्यात लाकडं नाहीतर शेणी, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. आजी पहाटे उठून तो पेटवायची आणि पहिल्या पाण्याचा मान आजोबांचा. ह्या बंबाचं तत्त्व काही वेगळं नाही. आत जाळ आहे, त्या जाळावरून पाण्याची नळी फिरवली आहे. फरक इतकाच की आपल्या बंबात पाणी साठवलेलं असतं, ह्यात नसतं. तोटी उघडली की आतला जाळ पेटतो आणि पाणी जाता जाता तापतं. म्हणून पहिली अर्धी बादली गारच येते. मुलगी ते पाणी सोडून द्यायची, मी बादलीत धरून फरशी पुसायला घेऊ लागले. चार दिवसांनी जावईही बादली धरू लागले.

ह्या बंबाकडे दुसरंही काम असतं, ते म्हणजे खोल्या ऊबदार ठेवण्याचं. प्रत्येक खोलीत खिडकीखाली पत्र्याचा चपटा फणा असतो, त्याला रेडिएटर म्हणायचं. त्यातून तेच तेच पाणी फिरत असतं. बंबातून तापून निघतं, खोल्या हिंडून गार होऊन परत येतं. आंघोळीच्या पाण्याशी ह्या पाण्याचा काही संबंध नाही. मात्र एका वेळी एकच काम, हा त्या पेटीचा स्वभाव. कुणी न्हायला बसलं की बंब खोल्यांकडे पाठ फिरवतो आणि सगळा जाळ न्हाणीकडे लावतो. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात कुणी भांडी घासायला गरम पाणी सोडलं, की न्हाणाऱ्याच्या अंगावर धार बारीक! जावई न्हात असताना मी दोनदा हे केलं. बिचारे बोलले नाहीत, शिंकले फक्त.

न्हाणीघराचं तर विचारूच नका. खाली मोरी नाही! जमिनीवर गालिच्यासारखं काहीतरी, आणि पाणी सांडलं तर ते थेट खाली मुरणार. मी टबात बादली-तांब्या घेऊन मांडी घालून बसायची. हात धुवायच्या भांड्याला दोन तोट्या, एकीतून चटका, दुसरीतून बर्फ. ह्यांना विसण ठाऊकच नाही की काय, असं मला वाटलं. त्याचंही कारण निघालं. जुन्या घरांत गार पाणी रस्त्याच्या नळातून थेट यायचं आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून. टाकीत धूळ, कधी मेलेलं पाखरू पडायचं. ते पाणी नळाच्या पाण्यात मिसळून उलटं रस्त्यात जाऊ नये म्हणून दोन्ही धारा वेगळ्या ठेवल्या. म्हणूनच जुन्या इंग्रज बायका आजही गरम तोटीचं पाणी पीत नाहीत, चहालाही गारच घेतात. हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं.

ह्या आजींविषयी दोन शब्द सांगायला हवेत. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वय ऐंशीच्या पुढे. मला 'लव्ह' म्हणायच्या, आधी मला संकोच वाटला, पण तिथे भाजीवालाही सगळ्यांना तसंच म्हणतो. त्यांचं लहानपण लीड्समधल्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत गेलं, ज्यांना मागचं दारच नसतं. पत्र्याचं टब शेगडीपुढे मांडायचं, किटल्यांनी पाणी ओतायचं आणि आधी वडील, मग आई, मग मुलं असं त्याच पाण्यात सगळ्यांनी न्हायचं. मी म्हटलं, आमच्याकडेही आजोबांचाच मान पहिला! आजींच्या घरी अजून जुन्या पद्धतीची पाण्याची टाकी आहे, तांब्याची, कपाटात उभी, वरून जाड आवरण घातलेली. बंब ती टाकी तापवून ठेवतो. शिवाय बंब बिघडला तर टाकीतच एक विजेचा दांडा असतो, आपल्या बादलीतल्या हीटरसारखा. तो मात्र जपून वापरायचा, कारण तिथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या जवळजवळ चौपट पडतं. त्या टाकीचं पाणी साठ अंशांपर्यंत तापवतात, कमी ठेवलं तर साठवलेल्या कोमट पाण्यात रोगजंतू वाढतात. टाकीच्या कपाटात फळ्या मारलेल्या असतात आणि त्यांवर कपडे सुकतात. नातीची दुपटी आजींच्या त्या कपाटात वाळली. असं ऊबदार, कोरडं कपाट मला सांगलीला पावसाळ्यात मिळालं असतं, तर मी दुसरं काही मागितलं नसतं.

कारण दुपट्यांवरून आमच्या घरी आधीच वाद झाला होता. मी सरळ रेडिएटरवर वाळत घालायची. त्यात माझी चूक दुहेरी होती. रेडिएटरच्या टोकाशी एक चाक असतं, त्यावर एक ते पाच आकडे. मला वाटलं, पाचावर ठेवलं की खोली लवकर तापेल. तसं नाही. ते चाक खोलीची हवा चाचपून पाणी आत सोडतं आणि हवी तेवढी ऊब झाली की बंद करतं. पाचावर ठेवलं तर खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. आणि त्यावर दुपटं टाकलं की त्या चाकाला आपल्याभोवतीची गरम हवाच कळते, ते समजतं खोली तापली आणि पाणी तोडतं. म्हणजे मी पाचावर ठेवून बाळाची खोली गार करत होते!

दुसरी चूक जास्त वाईट. ओल्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे? बंद खिडक्यांच्या घरात ते हवेत राहतं आणि गार भिंतीवर दवासारखं बसतं. आठ-दहा दिवसांत पलंगामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. मी म्हटलं, पुसून टाकते, त्यात काय! मुलीचा चेहरा उतरला. मग तिनं सांगितलं. लीड्सहून फार दूर नाही त्या रॉचडेल गावी आवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. आईबाप भाड्याच्या घरातल्या बुरशीबद्दल तक्रार करत राहिले होते. त्या बुरशीनंच त्याचा श्वास गेला, असा निर्णय नोव्हेंबर 2022 मध्ये चौकशीत दिला गेला. त्याच्या नावानं पुढे कायदाही झाला आणि सामाजिक गृहनिर्माणातल्या भाड्याच्या घरांसाठी तो ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. मी काही बोलले नाही. भिंत पुसली, पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडायचं ठरलं. बाळंतिणीच्या खोलीत वारा! पण उघडल्या.

नात जन्मली ती जानेवारीच्या सुरुवातीला. तिसऱ्या दिवशी सुईण घरी आली. ही सुईण म्हणजे शिकलेली बाई, हातात बॅग, बोलणं गोड. भिंतीवरचा तापमानाचा आकडा बघून म्हणाली, फार ऊन आहे खोली. त्यांच्याकडे तान्ह्याच्या खोलीत सोळा ते वीस अंश असावेत असं सांगतात. आणि आंघोळ रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे! मी तेल कोमट करून ठेवलं होतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. सहाव्या दिवशी मी तिला न विचारता धुरी घातली. भारतीय दुकानातून थोडे कोळसे आणले होते, त्यावर ओवा-बाळंतशेपा टाकला. मिनिटभरात छताला लावलेला भोंगा असा काही कोकलला, की आजी चपला घालून रस्त्यावर! त्या दिवशी मुलगी हसली. मीही हसले. कोळशांचं पुडकं मात्र मी टाकून दिलं नाही.

आणि मग ती शनिवारची पहाट. रात्रभर पारा शून्याच्या बराच खाली होता, अंगणातला बर्फ दगडासारखा झालेला. तीनच्या सुमारास बाळ रडायला लागलं म्हणून उठले, तर रेडिएटर गार. स्वयंपाकघरात बंबाच्या घशात पाणी अडकल्यासारखी गुळगुळ चालली होती, मग तीही थांबली. पेटीच्या पडद्यावर कसलीशी अक्षरं लुकलुकत होती. जावयांनी घर भाड्यानं देणाऱ्या कचेरीला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, कचेरी सोमवारी उघडेल. तातडीचा म्हणून दिलेला नंबर अर्धा तास नुसता वाजत राहिला. खोलीतला आकडा अठरावरून सोळा, सोळावरून चौदा.

मी कोळशांचं पुडकं काढलं. लोखंडी कढईत निखारे करून बाळंतिणीच्या पलंगाखाली ठेवावेत, एवढंच माझ्या मनात. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात सासूबाईंनी तेच केलं होतं. मुलगी बाळाला छातीशी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ती कढई आत आणायची नाही." आवाज चढवला नाही तिनं. मी म्हटलं, "अगं, आम्ही सगळ्या काय मेलो का?" ती म्हणाली, "तुमच्या घराला कौलं होती आई. इथे खिडकीला दुहेरी काच आहे. निखाऱ्याचा तो वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. आपण झोपलो तर उठणार नाही. पहिल्यांदा बाळ उठणार नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण मग वाईचं न्हाणीघर डोळ्यांसमोर आलं. वर कौलांच्या फटीतून उजेडाच्या तिरिपा यायच्या, दाराखालून मांजर जायचं. आमच्याकडे शेगडी होती तसा वाराही होता, तो कुणी मोजला नव्हता इतकंच. तुमच्यापैकी कुणी अशीच परदेशी जाणार असाल, किंवा इथेच नव्या बंद फ्लॅटमध्ये बाळंतिणीला शेक देणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा. बंद खोलीत निखारे ठेवायचे नाहीत, आणि ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी किंवा भट्टी पेटवून ठेवायची नाही. धुराचा भोंगा ह्या वायूला ओळखत नाही. त्याचा भोंगा वेगळा असतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून बंब असलेल्या खोलीत तो बसवणं घरमालकाला बंधनकारक आहे. आमच्या कपाटाशेजारी तो होता, मी त्याला घड्याळ समजत होते.

मी निखाऱ्यांचा नाद सोडला आणि मागच्या दारी गेले. आजींच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. मी हातवारे करून सांगितलं, गुळगुळ आवाज तोंडानं काढून दाखवला. त्या हसल्याच. कोट चढवून आमच्या अंगणात आल्या आणि भिंतीतून बाहेर आलेल्या एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवर काठी टेकवली. झालं होतं ते असं. हल्लीचे बंब धुरातली ऊबही वाया जाऊ देत नाहीत. वाफ आतच थंड करून तिची ऊब काढून घेतात आणि त्या वाफेचं जे पाणी होतं ते थेंबथेंब ह्या नळीतून बाहेर सोडतात. इंग्लंडमध्ये 2005 पासून नवे बंब जवळजवळ सगळे ह्याच जातीचे बसवतात. कडाक्याच्या थंडीत नळीतलं पाणी गोठतं, आतलं पाणी तुंबतं आणि बंब स्वतःहून बंद पडतो. म्हणजे ऊब सर्वांत हवी असते नेमकी त्याच रात्री!

मी उकळतं पाणी आणायला धावले. आजींनी हात धरला. उकळत्या पाण्यानं नळी तडकते आणि सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊन माणूस पडतो ते वेगळंच. पाणी कोमटच हवं, किंवा शेक द्यायचा. शेक म्हटल्यावर मला सांगायची गरज नव्हती. विजेच्या किटलीत पाणी तापवलं, त्यात विसण घातलं, माझी सांगलीची रबरी पिशवी भरली आणि जुन्या साडीच्या पट्टीनं त्या नळीला बांधली. कमरेच्या उंचीवर होती म्हणून जमलं. वर असती तर शिडी लावून चढण्याचा वेडेपणा कुणी करू नये. जावई वरच्या वाकणावर कोमट पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळत होते. तीन वेळा पिशवी भरली. आजींनी तोवर आपली विजेची लहानशी शेगडी बाळाच्या खोलीत आणून लावली होती. पाऊण तासानं नळीतून खट्‌ आवाज आला, बोटाएवढी बर्फाची कांडी घसरून मोरीत पडली आणि मागोमाग पाणी. जावयांनी पेटीवरची कळ दाबली. आत भप्‌ करून जाळ लागला.

मुलगी आत बाळाला घेऊन बसली होती. रेडिएटरला हात लावून पाहिला तिनं आणि मग रडली. मी चहा टाकला, चौघांचा.

सोमवारी कचेरी उघडल्यावर मुलीनं लेखी तक्रार केली. फोनवर भांडण्यापेक्षा लेखी बरं, हे तिचं म्हणणं मला पटलं. भाडेकरूच्या घरातलं गरम पाणी आणि ऊब दुरुस्त ठेवणं ही तिथे 1985 च्या कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे. दर वर्षी नोंदणी झालेल्या माणसाकडून गॅसची तपासणी करून तिचा कागदही भाडेकरूला द्यावा लागतो. त्यांच्याकडे तो कागद दीड वर्षापूर्वीचा होता. मंगळवारी माणूस आला. त्यानं तपासणी केली, नळीला जाड काळं आवरण घातलं आणि मला, मुलीच्या मध्यस्थीनं, दोन-तीन गोष्टी शिकवल्या. पेटीवरचा दाबाचा काटा बंब गार असताना एक ते दीडच्या मध्ये असावा. रेडिएटर खाली ऊन आणि वर गार लागला की आत हवा अडकलेली असते. बंब बंद करून, छोट्या पितळी किल्लीनं वरचा खिळा पाव फेरा सैल करायचा, फुसफुस थांबून पाण्याचा थेंब आला की आवळायचा. मी ते सगळ्या खोल्यांत केलं. पेटीचं झाकण मात्र आपण उघडायचं नाही, ते त्या माणसाचंच काम. रेडिएटरचं पाणीही त्यानं साठ अंशांवर आणलं. त्यामुळे खोली सावकाश तापते, पण परतीचं पाणी पुरेसं गार होऊन येतं, वाफेची ऊब जास्त मिळते आणि गॅस कमी लागतो.

फेब्रुवारीत जरा ऊन पडलं तेव्हा बाबागाडी घेऊन आम्ही कर्कस्टॉलला गेलो. एअर नदीच्या काठी तिथे एका मठाचे भग्नावशेष आहेत. 1152 साली साधू तिथे येऊन राहिले आणि 1539 मध्ये राजानं मठ मोडला. छप्पर नाही, कमानींतून आभाळ दिसतं. भोजनशाळेला लागून एक खोली आहे, तिचं नावच 'ऊबेची खोली'. ह्या पंथाच्या मठांत स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची जागा सोडली तर शेगडी तेवढ्या एकाच खोलीत असायची. यॉर्कशरच्या हिवाळ्यात ते साधू थोडा वेळ तिथे शेकायला यायचे आणि पुन्हा गारठ्यात प्रार्थनेला जायचे. मुलगी म्हणाली, "चारशे वर्षं एका शेगडीवर काढली बघ." मी नातीच्या पायाला हात लावून पाहिला. मोज्यात होता, ऊन होता.

मार्चमध्ये परत आले. शेकाची पिशवी तिथेच ठेवून आले, स्वयंपाकघरातल्या कपाटात, रेडिएटरच्या किल्लीशेजारी.